बी.एड. वाया गेलं नाही

माझं बी.एड. हे आमच्या घरात बरीच वर्षं अवघड जागेचं दुखणं होतं. पाहुण्यांपैकी कुणी "मग आता काय करते ही?" असं विचारलं की आई चहा टाकायला उठायची. शिवाजी विद्यापीठातून एम.ए. इंग्रजी, त्यावर बी.एड. (तेव्हा ते एका वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं), आणि एवढं करून हातात काय, तर एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर काम. मानधन सांगण्यासारखं नव्हतं आणि तेही वर्ष संपल्यावर कधीतरी एकदम मिळायचं. अनुदानित जागेच्या मुलाखतीला गेलं की विषयावरचे दोन प्रश्न व्हायचे आणि मग बाहेरच्या खोलीत कुणीतरी गोड आवाजात 'आकडा' सांगायचं. माझे वडील, आण्णा, कोल्हापूरच्या केएमटीत, म्हणजे शहर बससेवेत, कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांना जे काही मिळणार होतं त्यापेक्षा तो आकडा मोठा होता, त्यामुळं त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही.

आज मी थायलंडमध्ये चोनबुरी प्रांतातल्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये शिकवते. आमची मोठी सुट्टी जूनच्या मध्यापासून, म्हणजे मी ऐन पावसात मंगळवार पेठेत असते. तेवढ्या दिवसांत शेजारच्या काकूंची सून, मैत्रिणीचा दीर, माझ्या जुन्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमधली पोरं, कुणी ना कुणी येतंच. प्रश्न एकच असतो: "ताई, तिकडं जायला इंग्रजी किती लागतं?"

इंग्रजी लागतंच. पण इंग्रजीनं मला थायलंडपर्यंत नेलं, पुढच्या शाळेच्या दारातून आत नेलं ते त्या लाजिरवाण्या बी.एड.नं. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्याला एखाद्या ऑनलाइन कोर्सचं नाव हवं असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

परदेशात इंग्रजी शिकवणं आणि इंटरनॅशनल स्कूलमध्ये नोकरी करणं हे बाहेरून एकच दिसतं. वर्ग, फळा, परदेशी मुलं, इंग्रजी. मी दोन्ही केलंय आणि माझ्या मते ते दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यासाठी बहुतेक ठिकाणी कोणत्याही विषयातली पदवी आणि टेफलचं, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवायच्या कोर्सचं, १२० तासांचं सर्टिफिकेट पुरतं. दुसऱ्यासाठी तुम्ही शिक्षक असल्याचा कागद लागतो, म्हणजे तुमच्या देशात सरकारमान्य शाळेत शिकवायला चालेल अशी पात्रता. आपल्याकडं ती बी.एड. इंग्लंडवाल्यांकडं पीजीसीई हा शिक्षक प्रशिक्षणाचा कोर्स आणि क्यूटीएस ही सरकारी शिक्षक-मान्यता, अमेरिकेत राज्याचं लायसन्स. बँकॉकमध्ये दहा-दहा वर्षं शिकवलेले, उत्तम शिकवणारे गोरे लोक मी पाहिलेत, जे फक्त या कागदापायी लँग्वेज सेंटरमध्येच राहिले. आणि माझ्याकडं तो कागद होता, कपाटात, आईच्या लग्नातल्या शालूच्या खाली.

तर २०१३. एका एजन्सीमार्फत मी उदोन थानीला गेले, थायलंडच्या ईशान्येला, लाओसच्या बाजूला. सरकारी शाळा, वर्गात जवळजवळ पन्नास मुलं, पंखे, आणि खडूऐवजी व्हाइटबोर्ड एवढाच फरक. गर्दीची मला सवय होती. सवय नव्हती ती पगाराच्या उतरंडीची. मला १८,००० बात, फिलिपिनो सहकाऱ्यांना त्याच्या आसपास, आणि ज्याच्या पासपोर्टवर इंग्लंड किंवा अमेरिका लिहिलंय त्याला जवळजवळ दुप्पट. त्यातल्या एकाची पदवी मार्केटिंगची होती. आमच्याकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागायचे, टोइक नाहीतर आयईएलटीएस. त्याच्याकडून नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. निघताना हे ठाऊक असलेलं बरं, आपल्याकडचे एजंट ही गोष्ट शेवटपर्यंत काढत नाहीत. तसंच करार दहा महिन्यांचा असतो आणि मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगार नसतो, हेही ते सांगत नाहीत.

शाळा सुटली की संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी लँग्वेज सेंटर. तिथं मजा होती, खोटं कशाला बोलू. वर्गाला काचेची भिंत, बाहेर बाकांवर बसलेले आईबाप, आत दहा-बारा पोरं आणि मी. चेंडू फेकायचे, गाणी म्हणायची, फ्लॅशकार्ड लपवायची. गणपतीतल्या मंडळाच्या देखाव्यासारखं, लाइट लागले की सगळं हललं पाहिजे. मला ते जमायचं. कॉलेजातल्या एकांकिका कामाला आल्या. पुढं एका सुट्टीत बँकॉकला जाऊन मी केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, केला. चार आठवड्यांचा, आणि त्यात खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, मागं परीक्षक बसून प्रत्येक वाक्य टिपत असतो. स्वतः कमी बोलायचं आणि मुलांना जास्त बोलायला लावायचं, ही एक गोष्ट तिथं हाडामांसात गेली. इतकी की दादाशी फोनवर बोलतानाही मी मध्येच गप्प बसायला लागले, आणि तो "हॅलो? लाइन गेली काय?" म्हणायचा.

पण सेंटरमध्ये मुलाला काय आलं हे कुणी विचारायचं नाही. पुस्तक दोन संपलं की पुस्तक तीन. फी भरली की वरची पातळी. जी मुलगी पुस्तक पाचपर्यंत आली होती तिला शाळेत गणिताचं शाब्दिक उदाहरण इंग्रजीत कळत नव्हतं, आणि ते माझं काम नव्हतं. ती मला आवडायची, मी तिला आवडायचे, आणि तिची शाळा कोणती हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

उदोनबद्दल एक गोष्ट मात्र सांगून पुढं जाते. तिथं जून महिन्यात एका गुरुवारी 'वाई ख्रू' असतो, गुरूंना वंदन करण्याचा दिवस. मुलं गुडघ्यावर सरकत येऊन शिक्षकांच्या हातात फुलांची तबकं ठेवतात. तबकात काय असतं? वांग्याची फुलं आणि दूर्वा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तबक हातात घेऊन बराच वेळ बघतच राहिले. ओढ्याच्या काठाला उगवणारी तीच दूर्वा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग गणपतीला घेऊन ये की थोडी."

शाळा बदलण्याचं मनात आलं ते एका फिलिपिनो सहकारिणीमुळं. वयानं माझ्यापेक्षा बरीच मोठी, आणि पगार माझ्याएवढाच. एकदा स्टाफरूममध्ये जेवताना मी बी.एड.चा विषय सहज काढला. तिनं चमचा खाली ठेवला. "तुझ्याकडं टीचिंग क्वालिफिकेशन आहे? मग तू इथं काय करतेयस?" तिच्या मुलाच्या ओळखीतल्या एका छोट्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये ईएएलची जागा होती. ईएएल म्हणजे ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही त्यांना शाळेच्या अभ्यासापुरतं इंग्रजीत उभं करणं. आमच्यासारख्या इंग्रजीवाल्यांना आत शिरायला हेच दार असतं. वर्गशिक्षक किंवा इंग्रजी साहित्याचा शिक्षक म्हणून एकदम कुणी घेत नाही.

मग कागद. मूळ पदव्या कोल्हापुरात, मी उदोनला. थायलंड अपोस्टीलच्या (एकाच शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात चालतो, त्या) करारात नव्हता (भारत २००५ पासून आहे, पण दोन्ही देश असावे लागतात), म्हणून आधी मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग थाई वकिलात, अशी शिक्क्यांची वारी. दादानं दुकान वहिनीवर सोपवलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रातोरात मुंबई गाठली. मंत्रालयाच्या रांगेतून मला फोन, "तुझ्या बी.एड.च्या मार्कलिस्टवर आडनावात एक काना जास्ती हाय. हितला माणूस म्हणतोय चालंल. तुझा माणूस काय म्हणतोय?" त्याशिवाय नव्या शाळेला हवं होतं सरावपाठ किती घेतले, कोणत्या इयत्तांना, कुणाच्या देखरेखीखाली, याचं पत्र. आमच्या बी.एड. कॉलेजच्या सरांनी ते दोन दिवसांत लिहून दिलं, नुसतं नाही तर सूक्ष्मपाठ, सेतुपाठ, सरावपाठ अशी फोड करून. सर तेव्हा रिटायर व्हायला आले होते. परदेशातल्या शाळेला आपल्या निरीक्षण वह्यांमध्ये रस आहे याचंच त्यांना अप्रूप.

मुलाखतीत इंग्रजीवर एकही प्रश्न आला नाही. पहिला प्रश्न होता, "एखादं मूल तुमच्यापाशी येऊन म्हणालं, तुम्हाला काहीतरी सांगायचंय पण कुणाला सांगू नका, तर तुम्ही काय कराल?" मी उत्तर काहीतरी दिलं. बरोबर उत्तर आता झोपेतही येईल: गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, खोदून विचारायचं नाही, मूल जे शब्द वापरेल तेच त्याच दिवशी लिहून काढायचे आणि शाळेत त्या कामासाठी नेमलेल्या व्यक्तीकडं द्यायचे. २०१४ मध्ये इंटरनॅशनल स्कूलच्या संघटनांनी मिळून बालसंरक्षणासाठी कृतिदल नेमलं, तेव्हापासून भरतीतली चौकशी फार कडक झाली आहे. मागच्या प्रत्येक मुख्याध्यापकाला थेट विचारतात. जिथं जिथं राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस क्लिअरन्स मागतात. म्हणून एक फुकटचा सल्ला: कोणताही देश सोडायच्या आधी तिथल्या पोलिसांचा दाखला काढून घ्या. निघून गेल्यावर तो मिळवणं म्हणजे हत्तीच्या पायात घुंगरू बांधणं.

आता काम काय बदललं ते. इथं जरा थांबते, कारण विचारणाऱ्यांना हे कुणीच सांगत नाही.

चोनबुरीच्या पट्ट्यात गाड्यांचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आहेत, त्यामुळं कोरियन आणि जपानी कुटुंबं भरपूर. माझ्या पहिल्या वर्षात पाचवीतला एक कोरियन मुलगा होता. मैदानावर तो इंग्रजीत भांडायचा, विनोद करायचा, रेफरीशी हुज्जत घालायचा. वर्गशिक्षिका म्हणाली, याला ईएएलची काय गरज? मग विज्ञानाच्या प्रयोगाचा अहवाल आला. पाणी किती तापवल्यावर साखर किती विरघळली, आलेख काढलेला अचूक, आणि खाली एकच ओळ: गरम झालं, जास्त गेली. प्रयोग त्याला समजला होता. लिहायला भाषा नव्हती.

कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हेच मांडलंय. खेळायची-बोलायची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पुस्तकातली, कारणं देणारी, तुलना करणारी, 'यावरून असं दिसतं' म्हणणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात ते मूल फसवतं. सगळ्यांना वाटतं याला येतंय, आणि मार्क पडले नाहीत की म्हणतात अभ्यास करत नाही. सेंटरमध्ये मी जी भाषा शिकवत होते ती सगळी पहिल्या प्रकारची.

मग मी काय करायचे? त्या मुलाला बाजूला काढून व्याकरण शिकवणं हा जुना प्रकार, तो फार कमी केला. त्याऐवजी आठवड्याच्या सुरुवातीला विज्ञानाच्या शिक्षिकेबरोबर बसायचं. या आठवड्यात मुलांना काय सांगता-लिहिता यायला हवं? तुलना? मग तुलनेच्या वाक्यांचे सांगाडे तयार करायचे, आकृत्यांवर नावं घालायची. वर्गात त्याला दुसऱ्या कोरियन मुलीशेजारी बसवायचं आणि आधी कोरियनमध्येच चर्चा करू द्यायची. हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारच्या वर्गातल्या शिक्षकानं डोकावून विचारलं, "इथं इंग्लिश ओन्ली नाही का?" नाही. विचार ज्या भाषेत होतो त्या भाषेत आधी होऊ द्या. वर्षाअखेरीस त्या मुलाच्या अहवालात पूर्ण परिच्छेद होते. त्यात माझं किती, विज्ञानाच्या बाईंचं किती आणि त्या कोरियन मुलीचं किती, हे सांगता येणार नाही.

काचेची भिंत गेली, टाळ्या गेल्या. त्याऐवजी मीटिंगा आल्या, एवढ्या की आपल्याकडच्या संस्थेच्या सभाही त्यापुढं बऱ्या. पालकभेटी, वर्षातून दोनदा प्रत्येक मुलावर परिच्छेदभर शेरा, मैदानावर ड्युटी, बसची ड्युटी. कुणाचं मूल तीन दिवस डबा खात नाही हे मला माहीत असावं लागतं. सेंटरमध्ये मी तासाचे पैसे घेत होते, इथं मुलाची जबाबदारी घेते. पहिल्या वर्षी मला त्या शनिवारच्या गोंधळाची चक्क आठवण यायची.

आणि मग बी.एड. हळूहळू बाहेर यायला लागलं. २०१९ मध्ये मी सध्याच्या शाळेत आले, ही आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची शाळा आहे. आयबीची सुरुवात १९६८ ची, जिनिव्हाची. अकरावी-बारावीचा डिप्लोमा सगळ्यांत जुना, माझा मधला गट, एमवायपी. तिथं दुसरी भाषा म्हणून शिकायच्या इंग्रजीला ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं असे चार निकष, प्रत्येकाला आठ गुण, आणि प्रत्येक चाचणी कोणत्या निकषावर किती बेतली आहे हे आधी मांडून दाखवावं लागतं. प्रशिक्षणाच्या दिवशी आमच्यातले बरेच जण डोकं धरून बसले होते. मला वाटलं, अरे, हा तर संविधान तक्ता! बी.एड.ला घटक चाचणी काढायच्या आधी उद्दिष्टं, आशय, प्रश्नप्रकार यांचे रकाने पाडून तक्ता करायला लावायचे, आणि आम्ही वैतागून एकमेकींचे उतरवून काढायचो. तोच. पाठ टाचणातला 'अपेक्षित वर्तनबदल' हा रकानाही इथं नाव बदलून भेटला. आपल्याकडं तो रकाना भरून फाइल बंद करतात. इथं सहकारी येऊन बघतो की वर्गात तो बदल झाला का. म्हणजे आपलं बी.एड. टाकाऊ नाही, ते कुणी आपल्याकडून वापरून घेतलं नाही.

सध्याच्या शाळेत रुजू होतानाची गंमत म्हणजे तो २०१९ चा ऑगस्ट. नव्या शिक्षकांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हजर राहायचं असतं. पंचगंगेला पूर, राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा ओलांडून ४३ ची धोक्याची रेषाही मागं टाकून गेली, हायवे बंद, गाड्या बंद. मी बॅगा भरून मंगळवार पेठेत. शाळेला मेल लिहिला की नदीमुळं येता येत नाही. त्यांना आधी ती थाप वाटली असावी. मी बातम्यांचे व्हिडिओ पाठवले, तेव्हा एचआरच्या बाईंचा उलट मेल आला, तुमचं घर सुरक्षित आहे ना, सावकाश या. पोहोचले तेव्हा ओळखपरेडचा कार्यक्रम संपला होता आणि सगळे मला 'फ्लड टीचर' म्हणून ओळखत होते.

पैशांचंही स्पष्ट बोलू. इथं साधारण दोन वर्षांचा करार, बारा महिने पगार, आरोग्य विमा, वर्षाला एक परतीचं तिकीट. पण एक मेख आहे. त्याच देशात राहून अर्ज केला तर पुष्कळ शाळा तुम्हाला 'लोकल हायर' धरतात आणि घरभाडं, तिकीट यातलं काही देत नाहीत. तेच काम, तीच पात्रता, पण बाहेरून आलात तर पॅकेज वेगळं. माझ्या पहिल्या छोट्या शाळेत मी लोकल होते. दुसऱ्यांदा मी आधीचा करार पूर्ण संपवून कोल्हापुरात आले आणि घरूनच मुलाखत दिली. ऑनलाइन मुलाखतीत खाली कोण हलगी वाजवत होतं ते विचारू नका.

भरतीचा हंगाम आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर असतो. पुढच्या ऑगस्टच्या जागा आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून निघतात, कारण शाळेत असलेल्या शिक्षकांना नाताळच्या आधीच विचारतात, राहणार की जाणार? जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांत जास्त हालचाल. सर्च असोसिएट्स, श्रोल, टीईएस ही नावं शोधा. मे महिन्यात आपल्याकडं परीक्षा संपल्यावर जे अर्ज करायला बसतात त्यांच्या हाती उरलंसुरलं लागतं.

आणि पासपोर्टचा भेद इथं संपतो का? नाही. पातळ होतो. पगाराची श्रेणी पात्रता आणि अनुभवावर असते, तिथं मला अन्याय दिसला नाही. पण इंग्रजी विभागात भारतीय नाव आजही दुसऱ्या चाळणीतून जातं. एका शाळेनं मला मुलाखतीत विचारलं, "पालकांनी तुमच्या उच्चारांबद्दल विचारलं तर आम्ही काय सांगावं?" मी म्हटलं, सांगा की या बाईंना चार भाषा येतात. ती नोकरी मिळाली नाही, आणि बरंच झालं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीवाल्यांना हा त्रास बराच कमी. शिवाय गणित, विज्ञान आणि भाषांच्या भारतीय शिक्षकांसाठी इंग्लंडनं २०२३ पासून क्यूटीएसचा थेट अर्ज खुला केलाय. आमच्या बॅचमधल्या गणित पद्धतीच्या पोरींनो, वाचताय ना?

जे माझ्याकडं येतात त्यांना मी हल्ली उलटंच विचारते. बी.एड. आहे का? नसेल तर ते आधी करा, इथंच करा. झालं असेल तर दोन वर्षं खऱ्या शाळेत पूर्ण वेळ काढा. आपल्या भागात पाटीवर इंटरनॅशनल लिहिलेल्या पण आत सीबीएसई शिकवणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. त्या वाईट नाहीत, वर्ग सांभाळायचा अनुभव तिथंही मिळतो, पण बाहेरच्या मुख्याध्यापकाला केंब्रिज किंवा आयबीचा अनुभव दिसला की अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. तशी शाळा पुण्यात मिळाली तर पुण्याला जा. फक्त टेफल करून उडी मारायची असेल तर मारा, वय असताना दोन वर्षं जग बघायला ते छानच आहे. उदोनची दोन वर्षं मी कशालाही देणार नाही. पण तिथून वर जायला जिना नसतो, दुसऱ्या इमारतीत जावं लागतं.

एक गोष्ट मला अजून नीट पचलेली नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलाची वर्षाची फी आण्णांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या गावची मी. आण्णा हे कधी बोलून दाखवत नाहीत. एकदाच म्हणाले, "तिथं गरिबाचं एखादं पोर घेत्यात काय?" शिष्यवृत्त्या आहेत, मोजक्या. मी तेवढं सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि पेपर उघडला.

यंदा घरात दुसराच वाद पेटलाय. दादाचा मुलगा तिसरीत, इंग्रजी माध्यमात. वहिनींनी नियम केलाय, घरात इंग्रजीच बोलायचं. भाचा मला म्हणतो, "आत्या, आय अॅम गोइंग टू खाली." मी वहिनींना म्हटलं, तिकडं मी कोरियन आयांना बसवून सांगते, घरी कोरियनच बोला, गोष्टी कोरियनमध्येच वाचून दाखवा, पहिली भाषा पक्की असली की दुसरी तिच्यावर उभी राहते. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताई, तुम्ही इंग्रजी शिकवूनच तिकडं गेलाय. आणि आम्हाला सांगताय मराठी बोला." दादा हसायला लागला. यावर माझ्याकडं कमिन्स होता, पण भाकरी फुगत असताना कमिन्स काढण्यात अर्थ नव्हता. रात्री मी भाच्याला कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट मराठीत सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यानं ती आईला इंग्रजीत सांगितली, मोडकीतोडकी, पण क्रम बरोबर. वहिनींनी मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला शाबासकी दिली. दोघीही आपापल्या जागी जिंकलो असं समजतोय.

जुलैअखेरपर्यंत मी इथं आहे. कुणाला सीव्ही दाखवायचा असेल तर छापून आणा, मोबाइलवर मला वाचायला त्रास होतो. फोटो लावू नका, वडिलांचं नाव आणि जात-धर्म तर नकोच, सरावपाठांचा तपशील मात्र घाला, आणि सरांचं पत्र असेल तर तेही. दुपारी दोन ते चार येऊ नका, आण्णा झोपलेले असतात.